भूगोल शिकावयाचा तर कोणापाशी?

बारावीचा निकाल लागला म्हणजे घरोघरी एकच खल सुरू होतो. मुलगी शास्त्रशाखेची असेल तर नर्सिंग, मुलगा असेल तर अभियांत्रिकी, वाणिज्यशाखेचा असेल तर बँक, आणि कलाशाखेचे विद्यार्थी असतील तर त्यांस सांगण्यात येते, "मिळेल तो विषय घे, पण पदवी पदरात पाडून घे." ह्या 'मिळेल त्या' विषयांच्या रांगेत भूगोल हा बहुधा शेवटून दुसरा उभा असतो. राजधान्यांची व नद्यांची नावे पाठ करणे म्हणजे भूगोल, आणि तो घेतल्यावर फार तर शाळेत मास्तरकी, अशी आपल्याकडील पुष्कळ आईबापांची समजूत आहे.

आमच्या मते ही समजूत भूगोलावर अन्याय करणारी आहेच. परंतु त्याहून अधिक ती आपल्या खेड्यांतील मुलांवर अन्याय करणारी आहे. ज्या विषयाची अर्धी तयारी त्यांची खेळण्याबागडण्यात झालेली असते, नेमका तोच विषय ती निरुपाय म्हणून घेतात, आणि निरुपाय म्हणून घेतल्यामुळे तो कोठे शिकावा, कोणापाशी शिकावा व त्यासाठी पैसा कोठून उभा करावा ह्याची चौकशी कोणीच करीत नाही. जवळचे कॉलेज गाठावयाचे, अर्ज भरावयाचा, तीन वर्षे काढावयाची, असा हा सगळा मामला. वास्तविक, भूगोलाइतका गुरूवर अवलंबून असलेला विषय दुसरा क्वचितच सापडेल. का, ते पुढे सांगतो.

प्रथम हा विषय आज आहे तरी काय, ते पाहू. गोव्यातील वाचकांच्या परिचयाचे उदाहरण घ्यावयाचे तर खाजनाचे. नदीच्या खाऱ्या पाण्याला बांध घालून आपल्या पूर्वजांनी काढलेली ही जमीन आजही सुमारे १८,००० हेक्टर भरते. भरतीओहोटीबरोबर उघडझाप करणारी मानस, आतील भातशेती, मासळी, मिठागरे आणि बांधाची देखरेख करणारी गावकरी हे सारे खाजनकाठच्या मुलाने लहानपणापासून पाहिलेले असते. कोणत्या महिन्यात पाणी किती चढते, बांध कोठे फुटतो, एकदा खारे पाणी आत शिरले की शेत किती वर्षे वाया जाते, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. सांजांवच्या दिवशी, २४ जूनला, विहिरीत उडी घेणाऱ्या पोराला भूजलाची पातळी पहिल्या पावसानंतर किती वर येते ते पुस्तकावाचून ठाऊक असते. विद्यापीठातील भूगोल ह्या माहितीला मोजमाप देतो. तो विचारतो, पाणी किती सेंटिमीटर चढले, मातीत क्षार किती उरला, बांधाच्या डागडुजीचा खर्च पूर्वी कोण करी व आता कोण करतो, समुद्राची पातळी वाढल्यास कोणती वाडी आधी बुडेल? ह्या प्रश्नांतला पहिला भूरूपशास्त्राचा, दुसरा मृदाविज्ञानाचा, तिसरा मानवी भूगोलाचा आणि चौथा नकाशाशास्त्राचा. चारही एकाच खाजनाचे.

हैदराबादच्या वाचकांस मुशी नदीची गोष्ट आठवेल. २८ सप्टेंबर १९०८ रोजी ह्या नदीच्या महापुराने शहराचा मोठा भाग धुऊन नेला आणि हजारो माणसे दगावली. त्यानंतर निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना पाचारण केले. त्यांनी नदीचे वरचे खोरे अभ्यासून शहराच्या वर पाणी अडविण्याची शिफारस केली, आणि त्यातून १९२० साली उस्मानसागर व १९२७ साली हिमायतसागर हे जलाशय पुरे झाले. विश्वेश्वरय्या इंजिनियर होते, भूगोलाचे प्राध्यापक नव्हते. परंतु पूर शहरात येत असला तरी त्याचे कारण शहराबाहेर दूरवर असते ही जी दृष्टी त्यांनी दाखविली, ती भूगोलाचीच होय. बडोद्याच्या रहिवाशांनी ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी घरात शिरताना पाहिले, बेळगाव जिल्ह्यातील लोकांनी ऑगस्ट २०१९ मध्ये घटप्रभा, मलप्रभा व कृष्णा ह्या तिन्ही नद्यांचा तडाखा सोसला. असे का होते, पुन्हा होईल काय, आणि घरे कोठे बांधू नयेत, हे सांगणाऱ्या माणसांची गरज सरकारला, नगरपालिकांना व आपल्या पंचायतींनाही आहे.

येथे एक गोष्ट ओघात सांगावीशी वाटते, कारण ती आपल्या वाचकांस फारशी ठाऊक नसावी. ग्वाल्हेरजवळ नरवर नावाचे जुने गाव आहे. तेथे अठराव्या शतकात फादर जोसेफ टीफेनथालर हे येशूसंघीय धर्मगुरू पुष्कळ वर्षे राहिले. आल्प्स पर्वतातील बोल्झानो येथे १७१० साली त्यांचा जन्म झाला, आणि १७४३ मध्ये ते हिंदुस्थानात आले. प्रवासात गावांची अंतरे, अक्षांश, नद्यांची वळणे, किल्ल्यांची ठेवण हे सारे त्यांनी टिपून ठेवले. त्यांचा हिंदुस्थानच्या भूगोलाचा ग्रंथ बर्लिन येथे योहान बर्नूली ह्या विद्वानाने प्रसिद्ध केला, तोवर १७८५ साल उजाडले होते. त्याच वर्षी फादर लखनौस वारले. आग्र्यास त्यांचे दफन झाले. त्यांच्यापाशी विद्यापीठ नव्हते की शिष्यवृत्ती नव्हती. असो.

आता गुरूची गोष्ट. आपल्या देशात विद्यापीठातून भूगोल शिकविण्याची परंपरा फारशी जुनी नाही. अलीगढ मुस्लिम विद्यापीठाचा विभाग १९२४ सालचा, आणि तो देशातील सर्वांत जुन्यांपैकी गणला जातो. पुढे कलकत्त्यास शिवप्रसाद चटर्जी ह्यांनी ह्या विषयाला मोठी प्रतिष्ठा मिळवून दिली. त्यांनी पॅरिसला जाऊन प्रबंध लिहिला, तो आसामच्या दक्षिणेकडील पठारावर, आणि त्या पठाराला 'मेघालय' हे नाव त्यांनीच दिले. १९७२ साली तेथे राज्य झाले तेव्हा तेच नाव राज्यास मिळाले! एका विद्यार्थ्याच्या प्रबंधातला शब्द आज संसदेत उच्चारला जातो, हे भूगोलाला कंटाळवाणा म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. ह्याच चटर्जींनी १९५६ साली राष्ट्रीय ॲटलासची संस्था उभारली, आणि १९६८ मध्ये जगभरच्या भूगोलवेत्त्यांची परिषद दिल्लीत भरली ती त्यांच्याच अध्यक्षतेच्या काळात.

आपल्या बाजूस धारवाड-मुंबईकडील प्रा. सी. डी. देशपांडे ह्यांनी १९४८ साली पश्चिम हिंदुस्थानचा प्रादेशिक भूगोल लिहिला. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात शाह मंझूर आलम ह्यांनी हैदराबाद-सिकंदराबाद ह्या जोडशहरांचा अभ्यास करून १९६५ साली त्यावर ग्रंथ काढला. शहर कसे वाढते हे शिकावयाचे असेल तर उस्मानियाकडे पाहावे असे त्यामुळे झाले. बनारसला रामलोचन सिंह ह्यांच्या संपादनाखाली १९७१ मध्ये भारताचा प्रादेशिक भूगोल निघाला. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात मुनीस रझा ह्यांनी प्रादेशिक विकासाचे केंद्र उभे केले, आणि त्यांनी व एजाजुद्दीन अहमद ह्यांनी मिळून आदिवासी भारताचा ॲटलास १९९० साली दिला. पुणे विद्यापीठात प्रा. के. आर. दीक्षित ह्यांनी महाराष्ट्राचा नकाशासंग्रह तयार केला. प्रत्येक ठिकाणाला असा आपला आपला गुण आहे, आणि तो गुण इमारतीचा नसून माणसांचा आहे.

पुण्याचेच आणखी एक उदाहरण जरा विस्ताराने देतो, कारण त्यातून आमचे म्हणणे स्पष्ट होईल. प्रा. विश्वास काळे हे नद्यांच्या पुरांचे अभ्यासक. पुराच्या नोंदी आपल्याकडे फार तर शे-दीडशे वर्षांच्या. मग त्यापूर्वी नर्मदेला किती मोठे पूर येत, हे कसे समजावे? ह्यासाठी त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी, म्हणजे डेक्कन कॉलेजच्या शीला मिश्रा आणि अमेरिकेतील व्हिक्टर बेकर व लिसा ईली ह्यांनी, नर्मदेच्या अरुंद घळींत शोध घेतला. महापूर येतो तेव्हा घळीच्या आडोशाच्या जागी, उपनदीच्या मुखाशी, पाणी संथ होते आणि तेथे वाळू व गाळ यांचा थर बसतो. पुढचा महापूर त्यावर दुसरा थर चढवितो. वहीची पाने असावीत तसे हे थर एकावर एक राहतात. त्यांतील कोळशाच्या वा वनस्पतींच्या अवशेषांवरून प्रत्येक थराचे वय काढता येते, आणि थराच्या उंचीवरून पाणी कोठवर चढले होते तेही समजते. अशा रीतीने सुमारे १,७०० वर्षांच्या पुरांचा इतिहास त्यांनी वाचला, आणि मोठे पूर सर्व शतकांत सारख्या संख्येने येत नाहीत, काही काळ ते वारंवार येतात व काही काळ विरळ होतात, असे दाखवून दिले. धरण किती उंच बांधावे, पूल कोठवर चढवावा, ह्या प्रश्नांशी ह्या ज्ञानाचा सरळ संबंध पोहोचतो.

समजा, घटप्रभेच्या काठच्या एखाद्या मुलीला आपल्या नदीच्या पुरांवर संशोधन करावयाचे आहे. तिने नाव ऐकून एखादे मोठे विद्यापीठ गाठले, आणि तेथील सर्व अध्यापक लोकसंख्येचे किंवा शहरी भूगोलाचे जाणकार निघाले, तर तिला थर ओळखावयास कोण शिकविणार? पुस्तकातून ते येत नाही. नदीच्या काठी उभे राहून, "हा थर पुराचा, हा वाऱ्याने आणलेला," असे बोट दाखवून सांगणारा माणूस लागतो. मोठ्या नावाच्या विभागात ती पोरकी राहील, आणि लहान विद्यापीठातील एका नदीतज्ज्ञापाशी ती तयार होईल. म्हणूनच आम्ही म्हणतो की अर्ज करण्यापूर्वी विभागातील अध्यापकांची यादी वाचावी, आणि प्रत्येक नावापुढे त्यांचा विशेष विषय कोणता लिहिला आहे तो पाहावा.

परंतु यादीवर सर्वस्वी विसंबू नये. यादीत नाव असते आणि गृहस्थ निवृत्त होऊन गेलेले असतात. किंवा पाच जागा मंजूर असतात, त्यांपैकी तीन रिकाम्या, आणि शिकविणारे तासिका तत्त्वावर आलेले तरुण असतात. त्या तरुणांचा दोष नाही, पण पुढील वर्षी ते तेथे असतीलच असे नाही. खरी परीक्षा करावयाची तर 'शोधगंगा' पाहावी. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट संस्थेने चालविलेले हे प्रबंधांचे भांडार आहे. देशभरच्या विद्यापीठांतील पीएच.डी.चे प्रबंध तेथे कोणासही फुकट वाचता येतात. मोबाईलवर मार्गदर्शकाचे नाव घातले की त्यांच्या हाताखाली कोणी, कोणत्या साली, कोणत्या तालुक्यावर वा नदीवर काम केले ते समोर येते. प्रबंधातील नकाशे स्वच्छ आहेत काय, विद्यार्थ्याने गावोगाव फिरून माहिती आणली आहे की जनगणनेचे आकडे नुसते उतरून काढले आहेत, हे बारावी झालेल्या मुलालाही ओळखता येईल. आमच्या मते एक तास शोधगंगेवर घालविणे हे दहा जाहिराती वाचण्यापेक्षा अधिक फलदायी आहे.

संशोधनाचा विचार करणाऱ्यांनी एक नियमही लक्षात ठेवावा. विद्यापीठ अनुदान मंडळाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे एका वेळी प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार पीएच.डी. विद्यार्थी घेता येतात, आणि ज्यांच्या निवृत्तीस तीन वर्षांपेक्षा कमी काळ उरला आहे त्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. म्हणजे विभाग कितीही नामांकित असला तरी ज्यांच्यापाशी शिकावयाचे त्यांच्याकडे जागा आहे की नाही, हे आधी विचारून घेतलेच पाहिजे. पीएच.डी.ला किमान तीन व सामान्यतः जास्तीत जास्त सहा वर्षे दिलेली असतात.

पदवीचा प्रवेश त्या मानाने सोपा आहे. आपल्या राज्यांतील बहुतेक कॉलेजांत बारावीच्या गुणांवर तो मिळतो. गोव्यात मडगावच्या चौगुले कॉलेजात भूगोलाचा विभाग आहे. बडोद्यास महाराजा सयाजीराव विद्यापीठात आहे. बेळगावकरांना धारवाडचे कर्नाटक विद्यापीठ व पलीकडे कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ ही दोन्ही हाकेच्या अंतरावर आहेत. इंदूर-ग्वाल्हेरच्या मंडळींना सागरचे हरिसिंह गौर विद्यापीठ दूर नाही, आणि ते २००९ पासून केंद्रीय विद्यापीठ झाले आहे. केंद्रीय विद्यापीठांत पदवीला जावयाचे असल्यास २०२२ पासून सर्वांसाठी एकच सामाईक प्रवेशपरीक्षा घेण्यात येते. तिला सीयूईटी म्हणतात. ती संगणकावर होते. २०२५ साली एका विद्यार्थ्याला जास्तीत जास्त पाच विषय घेता येत होते. प्रत्येक विषयाचे पन्नास प्रश्न, साठ मिनिटे, बरोबर उत्तरास पाच गुण आणि चुकल्यास एक गुण वजा. भूगोल हा त्यांत स्वतंत्र विषय आहे. पदव्युत्तर प्रवेशासाठीही अशीच निराळी परीक्षा असते. राज्य विद्यापीठांत मात्र पदवीचे गुण किंवा विभागाची स्वतःची परीक्षा, अशी जेथली तेथली रीत आहे.

ह्या सामाईक पदवी-परीक्षेची एक गोष्ट आपल्या वाचकांच्या विशेष उपयोगाची आहे. ती तेरा भाषांतून देता येते, आणि त्यांत मराठी, कन्नड, गुजराती व तेलुगू ह्या चारही आहेत, कोकणी नाही. तेव्हा बडोद्याचा मराठी मुलगा घरची भाषा निवडो की शाळेची, त्याला मुभा आहे. परंतु परीक्षा मराठीत दिली म्हणून वर्ग मराठीत भरेल, अशी कल्पना करून घेऊ नये. दिल्लीत शिकविणे इंग्रजीत वा हिंदीत चालते, आणि पहिले सहा महिने आपल्या खेड्यांतील हुशार मुलेसुद्धा मान खाली घालून बसतात. ह्यावर उपाय म्हणून बारावीच्या वर्षापासूनच भूगोलाचे इंग्रजी पाठ्यपुस्तक शेजारी ठेवून मराठीबरोबर वाचावे. पारिभाषिक शब्द दोन्ही भाषांत येऊ लागले की अर्धी भीती जाते.

आता पैशाचा प्रश्न. आणि येथे आम्ही वाचकांस खोटी आशा लावू इच्छीत नाही. केंद्र सरकारची कॉलेज व विद्यापीठ विद्यार्थ्यांसाठी जी शिष्यवृत्ती आहे, तिच्यात पदवीच्या काळात वर्षाला १२,००० रुपये आणि पदव्युत्तर काळात २०,००० रुपये मिळतात. बारावीच्या परीक्षेत आपल्या शाखेतील वरच्या वीस टक्क्यांत नाव असावे लागते आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असावे लागते. देशात दर वर्षी अशा ८२,००० नव्या शिष्यवृत्त्या असून त्यांपैकी निम्म्या मुलींसाठी राखलेल्या आहेत. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर करावयाचा. एकदा मिळाली म्हणजे संपले, असे नव्हे: पुढील वर्षी ती चालू राहण्यास किमान पन्नास टक्के गुण व पंचाहत्तर टक्के हजेरी लागते, आणि नूतनीकरणाचा अर्ज पुन्हा करावाच लागतो. हा दुसरा अर्ज विसरल्यामुळे हातची शिष्यवृत्ती गमावणारी मुले थोडी नाहीत. वर्षाचे बारा हजार म्हणजे महिन्याचे एक हजार; वसतिगृहाचा खर्च त्यात भागत नाही, हे उघड आहे. म्हणून पदवी शक्यतो घराजवळ करावी आणि दूरचा प्रवास पदव्युत्तर शिक्षणासाठी राखून ठेवावा, असे आमचे मत आहे. ज्यांना ते पटत नसेल त्यांच्याशी आमचा वाद नाही.

अल्पसंख्याक समाजांतील, म्हणजे आपल्या ख्रिस्ती समाजातीलही, संशोधक विद्यार्थ्यांसाठी मौलाना आझाद यांच्या नावाची एक राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती होती. ती २०२२-२३ पासून बंद करण्यात आली. जुन्या माहितीपत्रकांत व काही हितचिंतकांच्या तोंडी तिचे नाव अद्याप ऐकू येते, तेव्हा तिच्या भरवशावर कोणी बेत आखू नये. आज संशोधनासाठी खरा आधार आहे तो 'नेट' परीक्षेतून मिळणाऱ्या कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीचा, जिला जेआरएफ म्हणतात. जानेवारी २०२३ पासून तिची रक्कम पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये व पुढे ४२,००० रुपये झाली आहे. खेड्यातील कुटुंबाला ही रक्कम लहान नाही. मुलगी शिकत असतानाच घरी चार पैसे पाठवू शकते. नेट बहुधा वर्षातून दोनदा होते, भूगोलाचा विषय-क्रमांक ८० आहे, आणि प्रश्नपत्रिका इंग्रजी व हिंदीत असते. जून २०२४ पासून चार वर्षांची पदवी पंचाहत्तर टक्क्यांनी पूर्ण करणाऱ्यांनाही ती देता येते. ह्याशिवाय महाराष्ट्र व गोवा ह्यांच्यासाठी पुणे विद्यापीठ 'सेट' परीक्षा घेते. ती प्राध्यापकीसाठी पात्रता देते, परंतु अधिछात्रवृत्ती देत नाही. दोहोंतला हा फरक अनेकांच्या लक्षात राहात नाही.

जेआरएफ मिळाली नाही तर केंद्रीय विद्यापीठांत पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना दरमहा ८,००० रुपयांचे विद्यावेतन असते, आणि आईबापांची एकुलती एक कन्या असेल तिच्यासाठी सावित्रीबाई जोतीराव फुले यांच्या नावाची अधिछात्रवृत्ती आहे. कर्जाबद्दल म्हणाल तर नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांतील विद्यार्थ्यांना तारणावाचून कर्ज मिळते, आणि उत्पन्न आठ लाखांच्या आत असल्यास दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात तीन टक्क्यांची सवलत आहे. तरीही नुसत्या भूगोलाच्या पदवीसाठी शेत वा दागिने गुंतवून कर्ज काढू नये. त्या पदवीची फी सरकारी कॉलेजांत तेवढी नसते. आणि जेथे असते तेथून दूर राहावे.

एका खर्चाकडे मात्र पालकांचे सहसा दुर्लक्ष होते. तो क्षेत्रदौऱ्याचा. भूगोलाच्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्यांनी एखाद्या प्रदेशात जाऊन राहावे, मोजमाप करावे, लोकांना प्रश्न विचारावे आणि अहवाल लिहावा, अशी अपेक्षा असते. त्याचे पैसे निराळे पडतात. प्रवेश घेतानाच ते किती, विभाग त्यात काही मदत देतो काय, हे विचारून घ्यावे. आणि मुलींना दौऱ्यावर पाठविण्यास नकार देणारे आईबाप अजून आहेत, त्यांना आमची विनंती आहे की ह्या बाबतीत त्यांनी मन मोठे करावे. सोबत अध्यापिका आहे की नाही, मुक्काम कोठे आहे, हे अवश्य विचारावे. तो आपला हक्कच आहे. परंतु दौऱ्याला न गेलेली भूगोलाची विद्यार्थिनी ही चुलीपुढे न बसता स्वयंपाक शिकलेल्या मुलीसारखी होय. तिच्या पदवीवर गुण असतील, हाताला सवय नसेल.

पुढील पोटापाण्याविषयी थोडक्यात. शिक्षकी पेशा आहेच, आणि तो कमी लेखण्यासारखा नाही. लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत पुष्कळ उमेदवार भूगोल हा ऐच्छिक विषय घेतात. परंतु ज्याला उपग्रहाची छायाचित्रे वाचता येतात व जीआयएस, म्हणजे संगणकावर नकाशे रचण्याची विद्या, अवगत आहे त्याला आज शासकीय खात्यांत आणि खाजगी कंपन्यांतही विचारतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने नकाशे तयार करण्यावरील जुने निर्बंध पुष्कळसे सैल केले, तेव्हापासून ह्या कामाला अधिक वाव मिळाला आहे. हैदराबादच्या वाचकांना तर राष्ट्रीय दूरसंवेदन केंद्र घरच्या अंगणात आहे. डेहराडूनची भारतीय दूरसंवेदन संस्था घरी बसून शिकण्याजोगे विनामूल्य अभ्यासक्रम चालविते; पदवीच्या दुसऱ्या वर्षापासून त्यांपैकी एखादा करून ठेवावा.

शेवटी, ज्यांच्यापाशी शिकावयाचे त्या अध्यापकांना पत्र कसे लिहावे, हे आमच्या काही वाचकांना कठीण वाटते, म्हणून सांगतो. पत्र एका पानाहून मोठे नसावे. प्रथम आपले नाव, गाव व शिक्षण. मग त्यांचा कोणता लेख वा त्यांच्या विद्यार्थ्याचा कोणता प्रबंध आपण वाचला, आणि त्यातले काय आपल्याला समजले नाही, हे दोन वाक्यांत. त्यानंतर आपल्याला काय शिकावयाचे आहे. "माझ्या गावाजवळचा ओढा दर पावसाळ्यात पात्र बदलतो, तो का, हे मला अभ्यासावयाचे आहे," एवढे लिहिले तरी पुरे. सर्वेक्षण खात्याचा १:५०,००० प्रमाणाचा आपल्या भागाचा नकाशा मिळवून त्यावर तो ओढा दाखविता आला तर अधिक बरे. स्तुती करू नये, गरिबीचे वर्णन करू नये, मंत्र्याची वा कोणा थोर गृहस्थाची ओळख सांगू नये. शेवटी यंदा आपल्याकडे विद्यार्थ्यास जागा आहे काय, इतकेच विचारावे. उत्तर पंधरा दिवसांत न आल्यास एकदा आठवण द्यावी. त्यानंतरही न आल्यास यादीतील पुढच्या नावाकडे वळावे.